एकादशीची आदली सांज

आमच्या घरात दिवस नेमका केव्हा बदलतो, यावर आईबाबांचं चाळीस वर्षं एकमत झालं नाही. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांचा दिवस रात्री बाराच्या ठोक्याला बदलायचा. आईचा मावळतीला, कारण आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी, आणि आमच्याकडे दिवस संध्याकाळी सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायला बसली की बाबा हटकून म्हणायचे, अजून शुक्रवारच आहे. आई वात सारखी करत राहायची.

डहाणूत यहुद्यांचं घर आमचं एकच. आमच्या सणांची दिनदर्शिका ठाण्याहून यायची, ती आईच्या ताब्यात. हनुक्का म्हणजे आमचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. तेव्हा आई रस्त्याकडच्या खिडकीत एका फळीवर काचेचे नऊ पेले मांडायची. आठ सणाचे, नववा बाकीच्यांना पेटवायला. रोज एक दिवा वाढायचा.

आई गेली त्या वर्षी मला वाटलं, बाबा यंदा सण नको म्हणतील. ते उलट कंबर कसून उभे राहिले. "तिच्या मागे या घरातला एकही दिवा चुकणार नाही," असं त्यांनी मला बजावलं. वर मदतही नको म्हणाले. आठवडाभर वाती वळत बसले. त्या इतक्या जाड झाल्या की मशालीला चालल्या असत्या. दिनदर्शिकेत सोमवारच्या चौकोनात हनुक्काचा पहिला दिवस छापला होता, तेव्हा पहिला दिवा सोमवारी संध्याकाळी, असं बाबांनी जाहीर केलं. मीही मान डोलावली. तलासरीला माझ्या शाळेत सोमवारी लवकर निघायची परवानगीसुद्धा काढून ठेवली. मी तिथे भूगोल शिकवते, दिवस आणि रात्र हा धडा दरवर्षी घेते, हे इथे सांगायची लाज वाटते.

रविवारी सूर्य बुडाला आणि शेजारच्या मावशी दारात आल्या. त्या बाजारात मासळी विकतात. आमच्याकडे कोळंबी, खेकडे चालत नाहीत, खवल्यांचा मासाच लागतो, हे आईच्या खालोखाल त्यांनाच पाठ. आज खिडकीत अंधार कसा, असं त्यांनी विचारलं. बाबांनी ऐटीत सांगितलं, दिवा उद्या. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"उद्या एकादशी, गार्डसाहेब. माझी मासळी उद्या खपायची नाय. ताई दरवर्षी एकादशीच्या आदल्या सांजेला पयला दिवा लावायची, आन दुसऱ्या दिवशी माझा उरलेला रावस घ्यायची."

बाबांनी दिनदर्शिका आणून त्यांच्यापुढे धरली. मावशींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोमवारच्या चौकोनावर ठेवलेलं बाबांचं बोट मात्र तिथेच थबकलं. आईचा सोमवार आता, या क्षणी सुरू झाला होता. एवढं साधं गणित माझ्याही डोक्यात शिरलं नव्हतं, याचा मला भयंकर राग आला.

बाबा खुर्चीत बसले. "पहिलाच दिवा चुकवला मी," ते म्हणाले.

"चुकला नाय अजून," मावशी म्हणाल्या. "तेल कुठंय?"

खोबरेल थंडीने गोठलं होतं. मावशींनी बाटली पदरात गुंडाळून हातांनी चोळली, मी पेले पुसले, बाबांनी प्रार्थनेला लागणारी टोपी शोधली. ती डोक्यावरच होती. नवव्या दिव्याने त्यांनी पहिला पेटवला आणि ती जाडजूड वात भसकन अशी पेटली की मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

पहिल्या संध्याकाळी आम्ही एक जास्तीची प्रार्थना म्हणतो. तू आम्हाला जगवलंस, सांभाळलंस, या वेळेपर्यंत आणलंस, असा तिचा अर्थ. पहिल्याच शब्दांना बाबा रडवेले होऊन थांबले. मलाही रडू आलं. त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली आणि संपवता संपवता सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग दारातल्या मावशींकडे.

दुसऱ्या दिवशी एकादशीला बाबा स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेले आणि रावस घेऊन आले. सूर्य बुडताच त्यांनी दुसरा दिवा लावला, आईच्या फोटोकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मंगळवार झाला."