साध्या तेलाची बरणी

माझी बायको हौसा गेली, त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून कांद्याच्या साली निवडत होतो.

सून रूपाली चाकणजवळ कांदा वाळवणाऱ्या कंपनीत कामाला. कंपनी साली फेकते आणि ही त्यांचा अर्क काढते! तो तेलात घातला की तेल लवकर खवट होत नाही. (त्या गुणाला लांबलचक इंग्रजी नाव आहे, माझ्या जिभेवर बसत नाही.) मी चाकणच्या बाजारात जन्मभर कांद्याची पोती वाहिली, साली पायाखाली तुडवल्या. कधी सुचलं का असं काही? मानलं पोरीला!

बुरशीची साल बाजूला, लाल कोरडी पाटीत. माझी पाटी भरली की हौसा ती पुन्हा आपल्यापुढं उलथायची.

"तुला दुसरं काम न्हाई का?"

"न्हाई. तुमी बसा गप."

दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्याच सालींचा अर्क घातलेलं तेल रूपालीनं एका बरणीत भरलं, दुसरीत नुसतं साधं. दोन्ही पत्र्याखाली खिडकीत, उन्हात. दोन महिन्यांनी साहेबांना दाखवायच्या. पटलं तर अर्क काढायचं मशीन येणार, नाहीतर काम बंद.

"आबा, हात लावू नका हं."

"मी कशाला लावतोय!"

खिडकीशेजारीच हौसाचा फोटो. रोज दिवा लावायचो. तेलाचा डबा आत फळीवर, बरणी हाताशी. लाल तेल सुनेचं, लाखमोलाचं, त्याला शिवायचं नाही. साधं ते साधंच की! त्यातलं दिव्याला घ्यायचो आणि आठवड्यातून एकदा डबा उतरवून बरणी काठोकाठ भरून ठेवायचो. (आपल्याकडं लबाडी नाही!)

दोन महिने झाले. रूपालीनं एक बरणी हुंगली, दुसरी हुंगली. तोंड एवढंसं झालं.

"दोन्हीला वास न्हाई. म्हणजे माझ्या अर्कानं काहीच केलं न्हाई, आबा."

"वास कसा यील? दर आठवड्याला ताजं वततोय मी!"

"कशात?"

"साध्यात. हौसाच्या दिव्याला घेत हुतो ना. तुझ्या लालला बोट लावलं न्हाई, शपथ!"

"अवो आबा, ते साधंच तर खवट व्हायला ठेवलं होतं!"

ती आधी रडली, मग फोटोकडं बघून हसत सुटली. डोळे पुसून तिथूनच साहेबांना फोन लावला, "सर, साधं तेल सासऱ्यांनी सासूबाईंच्या दिव्याला जाळलं. नाही सर, चूक माझी. मी नीट सांगितलं नव्हतं."

माझं गाढवपण तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं! साहेब म्हणाले, अजून दोन महिने घ्या, पण बरण्या कुलपात ठेवा.

दोन्ही बरण्या पुन्हा नव्यानं भरायच्या, आणि अर्क तर संपला होता. नव्या साली लागणार. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मी पोतं ओढलं, एकट्यानं पाटी भरली आणि ऐटीत सुनेपुढं ठेवली. तिनं निम्मी बाहेर काढली.

"आबा, बुरशी किती ही! मागची पाटी तर कशी लख्ख होती."

मागची पाटी! मला वाटायचं निवडतोय मी, आणि हौसा उगाच हात चालवतेय.

पाटी पुन्हा पुढ्यात उलथली. आणि उठून आत गेलो, चष्मा शोधायला. (तीन वर्षं गावभर सांगत होतो, मला लागत न्हाई म्हणून!)