बकरीसंग बोलायची भाषा

धरणाचं पाणी चढायच्या आधी आम्ही घराची दारं काढून ट्रॅक्टरवर टाकली. वर आई बसली, बकरीला मांडीशी धरून. गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलं, धानाच्या बांध्या गेल्या, त्यांना पाणी देणारी बोडी गेली. पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं, पण धान लावायला जमीन नाही. पुढे शिकत शिकत मी इंग्लंडला निघाले, तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "तिकडं तुयासंग आपलं कोन बोलन वं?"

गंमत बघा, इथे लीड्समध्ये मी इंग्रजांच्याच पोरांना इंग्रजीचा इतिहास शिकवते. एकेकाळी ही भाषा गावंढळ समजली जायची, हे ऐकून पोरं चकित होतात. हजारएक वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणारे लोक इंग्लंडवर चाल करून आले. दरबार फ्रेंच झाला, कोर्टकचेरी फ्रेंच झाली. इंग्रजी उरली नांगरामागे आणि गोठ्यात. म्हणून मेंढरू चरतं तोवर त्याचं नाव इंग्रजी, शीप. साहेबाच्या ताटात आलं की मटण, ते फ्रेंच. दोन-तीनशे वर्षं अशी काढून इंग्रजी परत गादीवर बसली. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, आपली भंडाऱ्याकडची झाडीबोलीही टिकेल.

पण त्यांच्या शेतकऱ्यांच्या पायाखाली जमीन होती. राजा बदलला, नांगर तोच राहिला. आमचं शिवारच बुडालं. धान लावायचा रोवणाच नाही, तर त्याची गाणी कोणी कुठं म्हणायची? त्यात दादाची मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली. दादा आईला म्हणाला, "पोरीसंग आपलं नोको बोलत जाऊ. शाळेत हासतात तिले." मला दादाचा राग येतो आणि त्याला बोलताही येत नाही, कारण माझंही पोट इंग्रजीवरच चालतं. आई नातीशी बोलायचीच थांबली. दिवसभर बकरीशी बोलायची.

मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "दादानं बकरी इकली. आता तुयासंगच बोलतो मी."

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले तुम्ही, तुमच्याशी तरी कोणी असं आपल्या बोलीत बोलतं का? घर कुठलं असं इथं विचारतात, तेव्हा मी भंडारा सांगते. खरं म्हणजे घर आता रविवारच्या त्या फोनएवढंच उरलंय. आई थकली आहे. ती गेल्याचं दुःख मी तिच्या बोलीत सांगेन, तेव्हा इथं ते समजणारं कोणी नसेल.