बाबांच्या उजव्या हातासाठी एक गेम हवा होता

मागे मी इथेच विचारलं होतं, ग्राइंडिंग, म्हणजे तेच ते दळण, नसलेला आणि मध्येच एकदम अवघड न होणारा गेम सुचवा म्हणून. तुम्ही धो धो सुचवले... पण कोणासाठी हवाय ते मी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

बाबांसाठी. रिटायर्ड स्टेशन मास्तर, मुक्काम अमरावती. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. बोलणं, चालणं सगळं परत आलं, उजव्या हाताची बोटं मात्र रुसूनच बसली.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक मऊ बॉल दिला, दिवसातून दोनशे वेळा दाबायला. बाबांनी तो आठवडाभर दाबला आणि मग सोफ्याखाली घरंगळू दिला. हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली गेला तो गेलाच. वापरली नाहीत तर बोटं आखडून बसतील, असं मॅडमनी मला बजावलं.

मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे घरात कोणी आजारी पडलं की माझ्या अंगात शास्त्रज्ञ संचारतो. जुना टॅब बाबांकडे ठेवून दिला. दर शनिवारी अमरावती गाठायची, एक गेम लावून द्यायचा आणि भाजी निवडता निवडता गुपचूप निरीक्षण करायचं...

पहिला गेम शेतीचा. गाजरं लावा, काढा, विका, पुन्हा लावा. बाबा थोड्याच वेळात म्हणाले, "हे तं त्या बॉलसारखंच आहे वं. दाबत बसा." ग्राइंडिंगची इतकी सोपी व्याख्या मी तरी ऐकली नव्हती.

दुसरा रंगीत गोळ्या जुळवायचा. चौथ्या लेव्हलपर्यंत नुसती लाडीगोडी आणि पाचव्या लेव्हलला थेट धोबीपछाड! तीनदा हरल्यावर बाबांनी टॅब बाजूला ठेवला आणि आठवडाभर त्याला शिवले नाहीत. आपण ज्याला सहज 'टफ आहे यार' म्हणतो, ते हात आधीच हरलेल्या माणसाला कसं लागत असेल... मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्याबद्दल मात्र माझी खात्री होती, कारण तो रेल्वेचा होता. रूळ बदलायचे, गाड्या सोडायच्या, म्हणजे बाबांच्या घरचंच काम. दुसऱ्याच मिनिटाला दोन गाड्या धडकल्या आणि स्क्रीनवर आलं, 'पुन्हा खेळा', सोबत एक हसरा चेहरा.

"दोन गाड्या ठोकल्या अन् हे म्हन्ते पुन्हा खेळा! असं पुन्हा भेटत असते का वं?"

बडनेरा, धामणगाव, मूर्तिजापूर... सगळी नोकरी ज्या माणसाने जे होऊ दिलं नाही, तेच मी हौसेने त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. मला माझाच राग आला.

चौथा गेम अचलपूरच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने सुचवलेला. नव्या घरात सामान लावायचं, एवढंच. खोकी उघडायची, एकेक वस्तू बोटाने ओढून जागेवर ठेवायची. घड्याळ नाही, जीव जात नाही. चुकलं तर वस्तूभोवती फक्त लाल रेघ येते.

हा तर बाबा दोन मिनिटांत बंद करणार, असं मला वाटलं. घरात चमचे कुठे असतात ते त्यांना आजही माहीत नाही. झालं भलतंच. पहिल्या खोक्यातून तवा निघाला आणि बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, हे कुठी ठेवू?"

आई आली आणि शेजारी बसली. आमच्या सात बदल्या झाल्या आणि सातही क्वार्टर्स आईने एकटीने लावली, कारण सामान पोचायच्या दिवशी बाबा हमखास ड्यूटीवर. तिच्या पोटात इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. "तवा पलंगावर ठेवते का कोनी? गॅसजवळ ठेवा!"

एक विलायती यंत्र निघालं, ते दोघांनाही ओळखू येईना. आईने ते पापडाचं ठरवून फळीवर ठेवायला लावलं. लाल रेघ आली तर म्हणते, "त्याले काय समजते!"

आणि इथे मला ती गोष्ट दिसली. आधीच्या तिन्ही गेमच्या वेळी टॅब मांडीवर असायचा आणि सगळं काम डावा हात परस्पर उरकायचा. आता आईला नीट दिसावं म्हणून बाबांनी टॅब डाव्या हातात तिच्याकडे कलता धरला होता... दुपट्ट्याखालून उजवा हात बाहेर आला.

बोट थरथरत होतं. दुसऱ्या खोक्यातली कढई दोनदा वाटेतच सुटली. गेम काही बोलला नाही, आईही बोलली नाही. तिसऱ्यांदा कढई गॅसजवळ पोचली आणि मी हातात वांगं धरून तशीच बसून राहिले.

तेव्हापासून दोघं रोज दुपारी घर लावतात. सगळ्या खोल्या संपल्या की पहिल्यापासून सुरू. आता याला ग्राइंडिंग म्हणायचं का, ते तुम्हीच सांगा.

नेमकं कशाने झालं, याचा विचार मी अजून करतेय. गेम हरवत नाही म्हणून, आई शेजारी होती म्हणून, की एकदाही न लावलेलं घर लावायला मिळालं म्हणून... एकच पेशंट आणि त्यातही माझे बाबा, त्यामुळे शास्त्रज्ञाला काही सांगता येणार नाही. अचलपूरच्या बाई, तुझे उपकार मात्र मी विसरणार नाही.

परवा रविवारी सकाळी बाबांनी ओट्यावरचा धुतलेला कप उचलला आणि मांडणीत ठेवला. उजव्या हाताने.

आई वळून म्हणाली, "तिथं नाई, खालच्या फळीवर." बाबांनी कप पुन्हा उचलला आणि खालच्या फळीवर ठेवला.

आईच्या लक्षात आलं नाही की काय, असं मला वाटलं... तेवढ्यात तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच हातात बशी दिली.

"आता हे बी ठेवा."