भुताच्या लग्नातलं गुलाबपाणी

रघुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात काळ्या रंगाने भरलेले होते. नर्सरीच्या वर्गात आम्ही पुठ्ठ्याची वटवाघळं रंगवत होतो. मी फोन कानाशी धरला, ऐकलं, 'हो' म्हटलं, आणि उरलेली वटवाघळं उद्या करू असं मुलांना सांगितलं. शाळेत कोणाला काही बोलले नाही. मला ते जमत नाही... हिंगण्याच्या रस्त्यावर मामांचं घर आहे. तिथे पोचले तेव्हा अंगणात बरीच माणसं होती आणि सगळी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मामींनी मला जवळ घेतलं, पदराचं टोक ओलं करून माझा गाल पुसला, आणि काळ्या झालेल्या पदराकडे बघत म्हणाल्या, "रंग फासूनच आली का वं? त्यायनं पाह्यलं असतं तर हासले असते." मग त्या रडल्या आणि मीही रडले. दुपारचं जेवून मामा जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. एवढंच.

मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. रामटेकजवळच्या गावात धानाची शेती होती, ती धाकट्या भावाकडे सोपवून ते तरुणपणी हिंगण्याच्या एका कारखान्यात लागले. तिथे सुका बर्फ तयार व्हायचा, ज्याला आम्ही शाळेत ड्राय आइस म्हणायला शिकलो. निवृत्त झाल्यावर दोन महिने ते घरी बसले, मामींच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवू लागले, आणि मामींनीच त्यांना घराबाहेर काढलं. तेव्हापासून मामा लग्नांत धूर सोडायचं काम करू लागले. नवरा-नवरी हार घालायला मंचावर येतात तेव्हा त्यांच्या पायांशी ढगासारखं पांढरं काही पसरतं ना, ते. मामा मंचाखाली बसलेले असत. समोर गरम पाण्याचं मोठं पातेलं, शेजारी थर्माकोलचा डबा, हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे. वर बँड वाजला की ते बर्फाचे तुकडे पाण्यात सोडत. एवढ्या लग्नांत ते हजर होते, पण फोटोत कुठेच नाहीत. नात्यातल्या एका अल्बममध्ये मात्र मंचाच्या झालरीखालून बाहेर आलेला एक हातमोजा दिसतो. तो मामा.

मला ते 'इंग्रजी शाळेची मुकी' म्हणत. दुसरं कोणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. पण मामांसमोर गप्प बसलं तरी चालायचं, दोघांच्या वाटचं ते एकटेच बोलायचे.

तीन वर्षांपूर्वी मी या शाळेत नुकतीच लागले होते आणि माझी नोकरी पक्की व्हायची होती. मोठ्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं की तुमचे तक्ते छान असतात, मुलंही तुमच्याजवळ रमतात, पण तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पालकांसमोर तर तुम्ही उभ्याही राहत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनचा कार्यक्रम आहे, तो तुम्ही करा. सजावट तुमची, बोलायचंही तुम्ही. मग बघू. त्या 'मग बघू'ने माझी भूकच गेली. सजावटीची भीती नव्हती. बोलायचं होतं, त्याची होती. घरी आईला सांगितलं नाही, मामांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "हे हॅलोविन म्हंजे काय असते?" मी म्हटलं, भुतांचा सण. "मंग भुतं बोलतीन ना. तू काहून घाबरून राहिली?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. खिडक्यांना लावायला काळं कापड हवं होतं, ते आणायला आम्ही गांधीबागेच्या कापडबाजारात गेलो. मामांनी अर्धा तास घासाघीस केली आणि सोनेरी किनारीचं काळं कापड घेतलं, कारण साध्या कापडाच्या भावात किनार फुकट मिळत होती. मी म्हटलं, मामा, भुताला किनार नसते. "गरीब भुताले नसन," ते म्हणाले. एक मोठं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, कोरून त्याला डोळे आणि दात केले. आतला गर मामींनी जप्त केला. "एवढं चांगलं कोहळं, अन् त्याचं थोबाड करून ठेवलं," असं पुटपुटत त्यांनी त्याची गोड बोंडं तळायला घेतली.

कार्यक्रमाच्या सकाळी सुका बर्फ आणायला आम्ही स्कूटरवर गेलो. आदल्या दिवशी आणून उपयोग नसतो, तो डब्यातल्या डब्यात उडून जातो. मागे बसून मी डबा मांडीवर धरला होता. झाकण सैल होतं, कारण मामांचा नियम होता की झाकण घट्ट लावायचं नाही. आतल्या वायूला जायला वाट लागते, नाहीतर डबा फुटतो. त्यामुळे आमच्या स्कूटरमागे एक बारीक पांढरी रेघ येत होती. सिग्नलवर वाहतूक पोलिसाने विचारलं, "काका, काय घेऊन राहिले?"

"ढग," मामा म्हणाले. "पोरीच्या शाळेत सोडाचा हाय."

तो पोलीस इतका हसला की सिग्नल हिरवा झाल्यावर त्यानेच हात करून आम्हाला आधी सोडलं.

शाळेत मामा एकदम कडक झाले. काळ्या कापडामागच्या सगळ्या खिडक्या आणि दोन्ही दारं उघडी ठेवायला लावली. हा वायू जमिनीलगत बसतो, पोरं बुटकी, म्हणून कोणी खाली बसायचं नाही. खडूने रेघ मारली, तिच्या अलीकडे एकही पाऊल नको. बर्फाला हात लावायचा तो फक्त त्यांनी. मग ते त्याच कापडाच्या पडद्यामागे पातेलं घेऊन बसले. पडद्याला टेकून, पाठीला भोक पाडलेलं कोहळं होतं, त्याच्या बाजूला हातात कागद घेतलेली मी. रेघेपलीकडे मुलं, त्यांच्यामागे पालक, आणि सगळ्यांत मागे मोठ्या मॅडम. कागदावर चार ओळींचं इंग्रजी होतं. मला पाठ होतं. पण तोंड उघडेना.

तेवढ्यात धूर आला. कोहळ्याच्या डोळ्यांतून, दातांतून, पडद्याच्या सोनेरी किनारीखालून मऊ पांढरा धूर फरशीवर पसरू लागला. मुलं गप्प झाली. एक मुलगा आईच्या ओढणीत शिरला. सगळं अगदी हवं तसं घाबरवणारं झालं होतं... आणि मग तो वास आला. गुलाबाचा. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने नाक वर करून जाहीर केलं, "टीचर, इसमें शादी की स्मेल आ रही है."

पालक हसले. मागचे तर मोठ्यानेच. झालं असं होतं की एकदा कोणा नवरीच्या वडिलांनी धुराला कारखान्याचा वास येतो अशी तक्रार केली होती. तेव्हापासून मामा पातेल्यात बाटलीची दोन टोपणं गुलाबपाणी टाकत. इतक्या लग्नांनंतर तो हात आपोआप चालायचा. भुतांच्या घरातही चालला. माझ्या कानांना आग लागली. नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. तोच पडद्याखालून एक हातमोजा बाहेर आला, त्याने माझ्या पायाजवळची फरशी दोनदा ठोकली, आणि मामांचा दबलेला आवाज आला, "बोल ना वं. लगन हाय म्हन."

"आज लग्न आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "भुताचं लग्न आहे. तुम्ही कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?"

वर्गात नुसता गोंधळ झाला. मुलांनी हातोहात दोन पक्ष पाडले, ओढणीतला मुलगा बाहेर येऊन नवरदेवाचा भाऊ झाला. मुलं हिंदीत विचारत होती, मी मराठीत उत्तर देत होते, कागदावरचं इंग्रजी मुठीत चुरगळून गेलं होतं. नवरी कुठे आहे असं कोणीतरी विचारलं, तेव्हा पडदा हलला आणि डोक्यावर पांढरी चादर घेतलेले मामा कमरेवर हात ठेवून बाहेर आले. "नवरी तयार होऊन राहिली. मी तिचा बाप. मुलाकडच्यायचं काही मागणं हाय का?" मुलाकडच्यांनी एकमुखाने चॉकलेट मागितलं. शेवटी मामींची बोंडं वाटली गेली आणि पालकांनीही दोनदा घेतली. जाताना मोठ्या मॅडम माझ्याजवळ थांबल्या. "आवाज आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "मागे ऐकू आला." महिन्याभरात नोकरीचं पक्कं पत्र हातात पडलं.

परतताना स्कूटरवर मी मामांना विचारलं की गुलाबपाणी तुम्ही मुद्दाम टाकलंत ना, मी बोलावं म्हणून? हो म्हणाले असते तर मी आयुष्यभर तेच खरं मानलं असतं. पण ते म्हणाले, "नाई वं. चुकलोच मी. तो वास आला तवा हातातली बाटली पाह्यली. पोरीची नोकरी खाल्ली म्हटलं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "बोलली मात्र तू."

मग दरवर्षी भुताचं लग्न होऊ लागलं. दरवर्षी मामा पडद्यामागे असत, आणि दरवर्षी बोलायच्या आधी मी खाली बघत असे. हातमोजा बाहेर येऊन फरशी दोनदा ठोके, मग माझं तोंड उघडे. हे मॅडमना माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं.

यंदा तेरवी झाली आणि तीन दिवसांवर कार्यक्रम आला. मॅडम म्हणाल्या, नको यंदा, गोष्टी सांगून साजरा करू. मीही मान हलवली होती. त्या संध्याकाळी मामींकडे गेले तर त्यांनी थर्माकोलचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत हातमोजे होते, आणि गुलाबपाण्याची अर्धी बाटली. बाटलीवर मामांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'धुरासाठी. मामीने खिरीत टाकू नये.' मामी म्हणाल्या, "त्यायनं कारखान्यात सांगून ठेवलं होतं बर्फाचं. आता तू नाही म्हनशीन तर तो बर्फ मी का पापडावर ठेवू?"

यंदा पडद्यामागे मामी बसल्या. बर्फ मी आधीच हातमोजे घालून डब्याबाहेर काढला. ते मला मोठे होतात, बोटांची टोकं रिकामी लोंबतात. पाण्यात दोन टोपणं गुलाबपाणी टाकलं, तुकडे सोडले आणि पडद्यासमोर येऊन उभी राहिले. धूर आला. सवयीने मी खाली बघितलं. सोनेरी किनार, धूर, फरशी... हात आला नाही. मामींना त्या ठोक्यांबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं, मी तर नाहीच. धूर माझ्या घोट्यांपर्यंत आला, मुलं माझ्याकडे बघू लागली, गुलाबाचा वास सगळीकडे झाला. मी चपलेच्या टोकाने फरशी दोनदा ठोकली. आणि विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

डबा आता माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर असतो. त्यात हातमोजे आहेत आणि बाटली आहे, बर्फ नाही. तरी झाकण मी सैलच ठेवते.