टेपच्या टोकाची बाई

दुकानाच्या शेवटच्या दिवशी काढलेले सगळेच्या सगळे फोटो लोकरीचे निघाले.

म्हणजे त्यांत लोकर कुठेच नव्हती. बायको होती, तिचं शिलाईचं मशीन होतं, इस्त्री होती, कापायचं टेबल होतं. पण धुतलेली फिल्म बाथरूमच्या दिव्यासमोर धरली, तर सगळं एकाच राखाडी लोकरीतून विणल्यासारखं. मग बेसिनच्या कडेला ठेवलेल्या झॉर्की कॅमेऱ्याकडे त्याची नजर गेली. लेन्सची नळी आत होती.

या जुन्या रशियन कॅमेऱ्याची ही खोड. लेन्स एका आखूड नळीत बसवलेली असते. खिशात मावावा म्हणून ती आत ढकलायची आणि फोटो काढण्याआधी बाहेर ओढून, पीळ देऊन अडकवायची. विसरलात तरी कॅमेरा चकार शब्द काढत नाही. बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीतून जग लख्ख दिसतं, खटका वाजतो, चावी फिरते आणि आत फिल्मवर सगळा आनंदीआनंद.

त्या दिवशी तो घाईत होता. ड्यूटी संपवून धापा टाकत दुकानात पोचला, तेव्हा मशीन न्यायला टेम्पो आलेला. बायको मशीनवर बसून राहिली होती, केवळ ह्याच्यासाठी. ह्याने भराभर खटके मारले. परत काढावेत म्हटलं तर आता त्या गाळ्यात कुणीतरी मोबाइलची कव्हरं टांगत होतं.

बायकोने जन्मात एकच फोटो मागितला होता. खांद्याने दगा दिला, मालकाने गाळा मागितला, तेव्हा ती म्हणाली होती, "जायच्या आधी माझा एक फोटो काढा. मशीनवर बसलेली. नंतर मलाच खरं वाटायचं नाही."

आणि मागितला कुणाकडे? ज्याच्या कपाटात पँटींपेक्षा कॅमेरे जास्त, त्याच्याकडे.

हा इस्पितळात एक्स-रे काढायचा. तिथे त्याला सगळे 'हलूनका' म्हणत. दिवसभर तोंडात दोनच वाक्यं, 'श्वास रोखा' आणि 'हलू नका'. लग्नाच्या फोटोच्या वेळी म्हणे तो फोटोग्राफरच्या आधी स्वतःच तसं म्हणाला होता. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा धुवायला डार्करूम होती. लाल दिवा, आंबूस वासाची औषधं, अंधारात हळूहळू उमटणाऱ्या बरगड्या. मग मशीन बदललं, बरगड्या थेट पडद्यावर दिसू लागल्या, आणि डार्करूममध्ये फरशी पुसायच्या बादल्या गेल्या. हलूनकाच्या हाताला बटण तेवढं उरलं. त्याने तो लाल दिवा घरी आणला, आणि दिव्याला काहीतरी काम हवं म्हणून जुन्या बाजारात कॅमेरे बघायला लागला.

तिथला मिशीवाला दुकानदार त्याच्यासारख्यांची वाटच बघत असे. पहिली झॉर्की हातात ठेवत म्हणाला, "रशियन माल आहे, साहेब. हातातून पडला तर आधी फरशीला विचारा, फार लागलं का म्हणून."

"चालतो का पण?"

"चालतो? तुमच्या-माझ्यापेक्षा बरा चालतो. वास घ्या."

कॅमेऱ्याचा वास का घ्यायचा हे हलूनकाने विचारलं नाही. त्याने घेतला. जुनं ग्रीस, चामडं, आणि कुठल्यातरी परक्या कपाटाचा बंदिस्त वास. झालं, तिथेच मासा गळाला लागला. झॉर्कीमागून तिच्यासारखाच रशियन फेड कॅमेरा आला, मग आणखी दोन लेन्स आल्या.

बायकोच्या तक्रारी दोनच. पहिली कात्रीची. झॉर्कीत फिल्म बुडाकडून भरावी लागते, आणि तिचं टोक लांबलचक, जिभेसारखं कापावं लागतं. घरात चांगली कात्री एकच, तिची कापडाची. एकदा हलूनकाने त्याच कात्रीने फिल्म कापली. बायकोने कात्री उजेडात धरून पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उद्या मी तुमच्या लेन्सने लसूण ठेचते." त्यानंतर कात्री कुलपात गेली.

दुसरी टेपची. लेन्स बरोबर जागी नेम धरते का, हे बघायला हलूनकाची एक पद्धत होती. संध्याकाळी बायकोला घ्यायला दुकानात जायचं, तिची मापाची टेप टेबलावर तिरकी ताणायची, एक टोक इकडे वजनाखाली, दुसरं पलीकडे तिच्या हातात. मग खिडकीतल्या पिवळसर ठिपक्यात बघत मधला पंचाहत्तरचा आकडा धरायचा. ठिपक्यात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. कडं फिरवत दोन्ही पंचाहत्तर एकमेकांवर बसवायचे, की खटका.

"मी पण दोन दिसते का हो?" बायको विचारायची.

"दिसतेस."

"एकीला घेऊन तुम्ही घरी जा. दुसरीला हे सगळं काज-बटण करू दे."

"हलू नकोस."

"हाताला मुंग्या आल्यात माझ्या!"

आता ओली फिल्म वाळत घालून हलूनका बाहेर आला, तेव्हा ती खांद्याला मलम चोळत बसली होती.

"आले का माझे फोटो?"

"आलेत. पण..."

"पण काय?"

"नळी ओढायची राहिली."

नळी म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून ती एखाद्याला तो कॅमेरा विकू शकली असती. तिने मलमाचं झाकण लावलं. "मशीनची सुई मोडली ना," ती म्हणाली, "तर मी गिऱ्हाइकाला सुईची गोष्ट सांगत नव्हते. पँट देत होते."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली होती. "जाऊ द्या. चहा ठेवा," म्हणाली. त्याने चहा ठेवला आणि तोही उतू घालवला.

रविवारी त्याने सगळे कॅमेरे पिशवीत घातले आणि मिशीवाल्यापुढे नेऊन ठेवले. मिशीवाल्याने पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"घरी भांडण झालं?"

"नाही. तेच तर."

"मग न्या परत. सगळे असेच आणून टाकतात, आणि पुढच्या रविवारी तोंड पाडून न्यायला येतात. मला मधल्या मधे पुसून ठेवायचा ताप."

पिशवी परत आणताना रशियन मालाचं वजन त्याला पहिल्यांदाच जाणवलं.

कॅमेरे गेले नाहीत, निदान पसारा तरी जावा म्हणून त्याने जुनी पाकिटं काढली. इस्पितळातून आणलेल्या एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटांत त्याच्या चाचणीच्या निगेटिव्ह होत्या. टाकायच्या म्हणून चाळायला बसला आणि चाळतच राहिला. पंचाहत्तर. पंचाहत्तर. पुन्हा पंचाहत्तर. आणि प्रत्येक पंचाहत्तरच्या मागे, टेपच्या दुसऱ्या टोकाला, एक धूसर बाई.

त्याने बाथरूम बंद करून, लाल दिवा लावून, त्यातले चांगले निवडून छापले. वाळल्यावर बायकोपुढे पसरले आणि हात मागे बांधून उभा राहिला. गुन्हेगाराने दुसरं काय करायचं.

तिने चष्मा लावला. "आकडा काय सुंदर आलाय," म्हणाली.

"मागे बघ ना."

तिने मागे बघितलं. बोट एका करड्या डागावर टेकलं. "हा त्या बँकवाल्याचा कोट. तीनदा बाही उसवायला लावली मेल्याने." बोट पुढे सरकलं. "हा पडदा जुना. नवा आपण नंतर लावला. आणि ही इस्त्री, हिने मला इथे भाजलं होतं." तिने मनगट पुढे केलं. जिथे त्याला नुसता धूर दिसत होता, तिथे तिला चेन, अस्तर, गिऱ्हाइकांचे स्वभाव, सगळं टाके मोजता येतील इतकं स्वच्छ दिसत होतं. ती एकेक फोटो उचलत होती, हसत होती, खांदा विसरली होती.

"आहे की दुकान," ती शेवटी म्हणाली. "बरं झालं, मी टेप धरली."

हलूनकाचा जीव भांड्यात पडला. पण पुरता पडू देईल तर ती बायको कसली.

"आणि मी कुठाय?"

"ही काय तू. सगळीकडे आहेस."

"ही? हे टेपच्या टोकाला काहीतरी लटकलंय. नाक नाही, डोळे नाहीत. इतक्या वर्षांत आकड्याला बघितलंत, मला नाही." ती चिडली नव्हती, हिशेब सांगत होती. "माझा फोटो बाकी आहे तुमच्याकडे. दुकानाचा सुटला. माझा बाकी."

"आत्ता काढतो. उजेड छान आहे, खिडकीत बस."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, केसांवरून हात फिरवला. "नळी ओढा आधी."

"ओढली! ही बघ."

"आणि फिल्म?"

झॉर्की रिकामी होती. "कात्री देतेस?" त्याने चाचरत विचारलं.

"स्वयंपाकघरातली घ्या."

ती कात्री दुधाच्या पिशव्या कापून कापून बोथट झालेली. पहिल्यांदा टोक फाटलं, दुसऱ्यांदा फिल्म आत गेली पण कॅमेऱ्याचे दात ती धरेनात. पुन्हा काढली, पुन्हा कापली, बूड बसवलं, चावी फिरवली. घामाघूम होऊन तो बाहेर आला. "चल, श्वास रोख."

ती झोपली होती. मान खांद्याकडे कललेली, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. मांडीवर फोटो, वर चष्मा. दुपारच्या उजेडात तो तिला झोपलेली बघत होता, ही गोष्टच नवी होती. दुकान होतं तोवर तिला दुपार नव्हती.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. पिवळ्या ठिपक्यात दोन बायका झोपल्या होत्या. कडं फिरवलं, तशा त्या सरकत सरकत एकमेकींत मिसळल्या. एक झाल्या. नाक होतं, मिटलेले डोळे होते, भुवईतली आठी विरलेली होती.

बोट खटक्यावर राहिलं. झॉर्कीचा खटका म्हणजे दार आपटल्यासारखा. ती दचकून उठली असती. आणि मिटल्या डोळ्यांचा फोटो तिने हिशेबात चुकता म्हणून धरलाच नसता.

त्याने लेन्सवर झाकण लावलं. सवयीने नळी आत ढकलायला गेला, पण थांबला, आणि तशीच बाहेर ठेवून समोर बसून राहिला.