प्रत माहितीसाठी : राष्ट्राध्यक्ष, अमेरिका

आप्पांच्या हृदयाकडे जाणाऱ्या नसा तुंबल्या आहेत, बायपास करावी लागेल आणि फार दिवस थांबू नका, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली.

"पोरगी आल्याबिगर मी टेबलावर झोपनार न्हाय."

पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती नवऱ्याबरोबर ओहायोत राहते, नोकरी करते. तिचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा चालू होता. असा अर्ज चालू असताना तिच्यासारख्यांना देश सोडायचा असेल तर आधी प्रवासाचा परवाना घ्यावा लागतो. तो न घेता बाहेर पडलं की मूळ अर्जच सोडून दिला असं धरतात. परवान्यासाठी तिनं कित्येक महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. संगणकावर रोज एकच उत्तर यायचं, प्रक्रिया चालू आहे.

"सोडून येते सगळं, दादा," ती फोनवर म्हणाली. ती आली तर तिची इतक्या वर्षांची मेहनत जाणार, न आली तर आप्पा ऑपरेशनला तयार होणार नाहीत.

आप्पा रेल्वेत गँगमन होते. आमचं बालपण होटगीच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून गावाची निवेदनं माझ्याकडे यायची. एस.टी.चा थांबा असो, पाण्याचा टँकर असो, अक्षर माझं. पुढे मी शिक्षक झालो, नागरिकशास्त्र शिकवू लागलो, तरी हे काम सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता. आमच्याकडे निवेदनाची एक रीत आहे. वर सगळ्यात मोठ्या साहेबांचं नाव घालायचं आणि खाली 'प्रत माहितीसाठी सविनय रवाना' म्हणून पालकमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत सगळे. कागद ज्याच्या हातात पडेल त्याला कळलं पाहिजे की तो वरही गेलाय. बऱ्याचदा काम व्हायचं.

"वरच्याला लिव्ह," आप्पा म्हणाले. "वरनं फोन आला की खालचा पळतोय."

मी तीन पानी इंग्रजी निवेदन लिहिलं. आप्पांची रेल्वेतली सेवा, आमच्या कुटुंबाची सचोटी, बहिणीचे शाळेपासूनचे गुण, सगळं घातलं. परवान्याची गोष्ट तिसऱ्या पानावर आली. खाली प्रती : राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, राज्याचे सिनेटर, महापौर. कौंटीच्या शेरीफचंही नाव टाकलं, कारण ते भारदस्त वाटलं.

आई दारात भाजी निवडत होती. म्हणाली, "येवड्या सायबांना कळवलंस, इंद्रदेव तेवडा कशाला ऱ्हायला?"

बहिणीनं आप्पांच्या शब्दाखातर ते सगळीकडे धाडलं. मग उत्तरं येऊ लागली. महापौरांच्या कार्यालयानं नम्रपणे कळवलं की आम्ही पाणी, कचरा आणि शहरातले रस्ते बघतो. गव्हर्नरांच्या कार्यालयाचं म्हणणं, हा विषय राज्याचा नाही. राष्ट्राध्यक्षांकडून आपोआप येणारं आभाराचं पत्र आलं. शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख निघाला; त्याच्या कचेरीतून तर फोनच आला, "बाई, तुम्ही सुरक्षित आहात ना?" बहीण मला हे सांगताना हसत होती आणि हसता हसता रडली. ऑपरेशन लांबत चाललं होतं.

वाट दाखवली ती राज्याच्या सिनेटरच्या कार्यालयातल्या एका बाईंनी. त्यांनी तिला सांगितलं, "तुम्ही समजता तसं यातलं कुणी कुणाच्या हाताखाली नाही. महापौर गव्हर्नरांचा नोकर नाही आणि गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांचा नाही. परवाना देणारं खातं केंद्राचं आहे, तेव्हा केंद्राच्या सभागृहातला तुमच्या भागाचा प्रतिनिधी गाठा. तुमच्या भागाचाच. दुसऱ्याला लिहिलंत तर ते पत्र शेवटी त्याच्याकडेच जाईल."

बहिणीचा गोंधळ मला समजत होता. तिथं राज्यालाही सिनेट आहे आणि देशालाही, राज्यातही प्रतिनिधीगृह आणि देशातही. मी वर्षानुवर्षं फळ्यावर ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत जिना काढत आलो आणि तोच जिना ओहायोत नेऊन उभा केला होता.

त्यानंतर सूत्रं तिनं हातात घेतली. तिनं वॉशिंग्टनला फोन केला नाही, प्रतिनिधीचं जे कार्यालय तिच्याच भागात आहे तिथं केला. पहिला प्रश्न आला, पिन कोड काय? दुसरा, अर्जाचा क्रमांक काय? अशी अडलेली कामं बघायला तिथं एक खास बाई नेमलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, थोडक्यात लिहा, एकच मागणी करा, कधीपर्यंत हवंय ते सांगा, डॉक्टरांचं पत्र जोडा आणि खात्यानं तुमची माहिती आम्हाला द्यावी अशी सही करून परवानगी द्या. बाकी काही नको.

मी डॉक्टरांकडून ऑपरेशन कधीपर्यंत व्हायला हवं याचं पत्र आणून पाठवलं. तिनं लिहिलेलं पत्र तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. अर्ध्या पानाच्या आत संपलं. त्यात आप्पांची सेवा नव्हती, कुणाची स्तुती नव्हती.

"निदान शेवटी सविनय तरी घाल की."

"दादा, एक शब्द घालू नकोस."

होटगीच्या क्वार्टरमध्ये माझ्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर अक्षरं गिरवणारी ही मुलगी. नोकरी सांभाळून, विचारत विचारत, तिनं एका परक्या देशाचा कारभार समजून घेतला होता, आणि आता ती मला थांबवत होती. मी फोन ठेवला आणि उगाचच दोन वेळा चहा प्यायलो.

पत्र पाठवून ती गप्प बसली नाही. दर आठवड्याला त्याच बाईंना फोन करायची. आवाज चढवायची नाही, फक्त विचारायची, काही कळलं का. आप्पांना मात्र वेगळाच घोर होता.

"मत हाय का तुजं तितं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"न्हाय आप्पा. नागरिक झाल्यावर मिळतंय."

"मग त्यो खासदार तुजं काम कशाला करंल?"

"मी त्यांच्या भागात राहते की. तेवढंच विचारतात."

"पक्ष?"

"विचारलासुद्धा न्हाय."

"हार घिऊन तरी जायचं हुतंस."

"अवो आप्पा, मी त्यांचं तोंडसुद्धा बघितलं न्हाय!"

एका सकाळी आमच्या चहाच्या वेळी तिचा फोन आला. परवाना मंजूर झाला होता. आई देवापुढे दिवा लावायला उठली. आप्पा म्हणाले, "डाक्टरला सांगा, तारीख धरा म्हनावं."

ती आली. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघंही आप्पांच्या खाटेभोवती होतो. शेजारच्या खाटेवर गिरणीतून निवृत्त झालेले एक काका होते. आप्पांनी त्यांना सगळी हकीकत ऐकवली होती, तीही बरीच वाढवून.

"आवो, ही माजी पोरगी. अमेरिकेच्या खासदाराकडनं काम करून घेतलं, त्येच्या दारातबी न जाता!"

काका तिच्याकडे वळले. "मग आमच्या पेन्शनचं काय तरी बगा की, ताई. आडकून पडलंय. नगरसेवकाला चार येळा भेटलो."

मला वाटलं ती हसून सोडून देईल. ती त्यांच्या खाटेच्या कडेला बसली. "काका, पेन्शन कुठली? पीएफची?"

"व्हय."

"मग ते केंद्राचं खातं झालं. नगरसेवक काय करणार त्यात? आधी पीएफच्या हापिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तरी हाललं नाही तर ती पोच जोडून खासदारांच्या इथल्या कार्यालयात जा. एकच पान लिहा, पेन्शनचा नंबर वर घाला."

मी नागरिकशास्त्राचा शिक्षक, भिंतीला टेकून ऐकत होतो. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात हा धडा इतका सोपा झाला नव्हता.

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. "दम धर जरा. बोलू दे तिला." काकांनी पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं, बहिणीनं पुन्हा सांगितलं. मग आप्पा खाटेवरून उतरले, मला आधार देऊ दिला नाही, आणि आपले आपणच स्ट्रेचरवर जाऊन झोपले.

"चल," ते वॉर्डबॉयला म्हणाले.