अभिप्रायाचं पान

बाबा पोस्टमन होते. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून टपाल वाटताना त्यांनी वह्या भरून नोंदी केल्या होत्या. कुठल्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, सीतेची आसवं कधी फुलतात, कुठल्या पऱ्ह्याचं पाणी कधी आटतं, धनेशाचं घरटं कुठल्या ढोलीत आहे. ते निवृत्त झाले तेव्हा मी गावातल्या कम्प्युटर क्लासात शिकवत होते. दोन हजार सालाच्या आगेमागे आम्ही त्या वह्यांची वेबसाइट केली.

दिसायला ती अगदीच गबाळी होती. हिरव्यावर पिवळी अक्षरं, फोटो नावाला आणि मजकूर ढीगभर. शेवटी अभिप्रायाचं एक पान होतं. त्यावर कुवेत, दुबई, मस्कतहून आपल्याकडची माणसं लिहायची. "चाचा, आमच्या मशिदीमागचा पऱ्ह्या वाहायला लागला का?" असं कुणी विचारलं की बाबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या वाडीत जायचे, पऱ्ह्या बघून यायचे आणि मगच मला उत्तर सांगायचे. मी ते टाइप करायची. "न बघता सांगायला मी काय ज्योतिषी आहे?" म्हणायचे.

मला मात्र त्या वेबसाइटची लाज वाटायची. क्लासात डिझाइन शिकवणारी मी, आणि घरचं हे असं ध्यान! एका मे महिन्यात ती नव्यानं करायला घेतली. पानभर फोटो टाकले. बाबांचे परिच्छेद छाटून एकेक ओळ ठेवली. अभिप्रायाचं पान नव्या मांडणीत कुठंच बसेना, म्हणून काढूनच टाकलं.

बाबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"फोटो झकास आलेत गो. पण माणसांनी लिहायचं खंय?"

"लिहितंय कोण आता, बाबा? लोकांना बघायला हवं असतं."

मी फटकन बोलले. पुढे रोज संध्याकाळी काही आलंय का म्हणून विचारायचे आणि मी त्यांना किती जणांनी वेबसाइट पाहिली तो आकडा दाखवायची. "पण कुठची माणसं ती?" असं ते म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, मग वही सोडली, मग सड्यावर जाणंही. मला सगळं दिसत होतं. एक पान परत लावायला तासभर लागला असता, पण माझा हेका सुटला नाही. दीड वर्षात बाबा गेले.

पुढच्या हिवाळ्यात कुवेतहून रजेवर आलेले खाडीपलीकडचे एक गृहस्थ घरी आले. आईसाठी खजूर आणला होता.

"आमी तिथे बारा जण एका खोलीत," ते म्हणाले. "चाचांचं लिहिलेलं एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. मग एकदम सगळं बदललं. चाचांचं लिहिणं नाही, विचारायला जागा नाही. आमी समजलो, चाचा गेले. त्या जुम्म्याला सगळ्यांनी त्यांच्यासाठी दुवा मागितली."

त्या जुम्म्याला बाबा इथे ओटीवर बसले होते, धडधाकट, कुणाच्या तरी दोन ओळींची वाट बघत.

"तेव्हाच गेले ना, ताई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.